वानखडेकाका आणि आमचा गळका एसी

वानखडेकाका कोणाच्याही घरात शिरले की आधी माणसांकडे बघत नाहीत, भिंतीकडे बघतात. तेही वर, छताच्या हातभर खाली, जिथे एसी लावलेला असतो तिथे. एसी दिसला की त्यांच्या चेहऱ्यावर डॉक्टरला पेशंट सापडल्याचं समाधान पसरतं. नसला तर ते मान खाली करतात आणि मग नाइलाजाने घरातल्या मंडळींची चौकशी करतात.

आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी बर्वे यांच्याकडे सत्यनारायण होता. बर्व्यांनी नुकताच हॉलमध्ये एसी बसवला होता आणि पूजा बरोबर त्याच्या खाली मांडली होती, म्हणजे येणाऱ्याला दोन्हींचं दर्शन व्हावं. काकांनी हात जोडले, डोळे मिटले, आणि उघडले ते देवाच्या चार फूट वर. प्रसादाचा द्रोण डाव्या हातात होता. उजव्या हाताने त्यांनी शर्टाच्या खिशातून एक वीतभर लांबीची पाणसळ काढली. गवंडी भिंत सरळ आहे का बघायला वापरतात ती, काचेच्या नळीत हिरवं पाणी आणि त्यात एक बुडबुडा. ही तिची खिशात मावणारी धाकटी बहीण. खुर्ची ओढून काका वर चढले, एसीच्या डोक्यावर पाणसळ ठेवली आणि बुडबुड्याकडे बघत म्हणाले, "बर्वे साहेब, उजवीकडे कलून राह्यला. पाण्याचा पाईप डावीकडं हाये. पंधरा दिवसात पाणी सत्यनारायणावर पडन."

"पूजा आज संध्याकाळी उचलायची आहे," बर्वे म्हणाले.

"मग सोफ्यावर पडन," काका म्हणाले, आणि खाली उतरून उरलेला शिरा खाल्ला.

तेराव्या दिवशी सोफ्यावर पाणी पडलं. त्या दिवसापासून सोसायटीत कोणाचाही एसी गळला की कंपनीला फोन करायच्या आधी तळमजल्यावर वानखड्यांची बेल वाजू लागली.

तरुण वाचकांना खरं वाटणार नाही, पण पुण्यात एसी ही एके काळी सिनेमाच्या थिएटरात आणि बँकेच्या मॅनेजरच्या केबिनमध्ये असायची गोष्ट होती. पुण्याची हवाच अशी, की घरात एसी लावणं म्हणजे हवेचा अपमान. मग हिंजवडीला कॉम्प्युटरच्या कंपन्या आल्या. आमच्यासारखी मंडळी दिवसभर कंपनीच्या गारव्यात बसायला लागली आणि घरी आल्यावर त्यांना उकडायला लागलं. औंधातल्या आमच्या सोसायटीत दोन उन्हाळ्यांत निम्म्या खिडक्यांबाहेर एसीचे डबे लटकले. एसी आले, आणि एसीबरोबर पाणी आलं. महापालिकेचं पाणी दिवसातून दोनदा यायचं, हे चोवीस तास. वरच्याच्या एसीचं पाणी खालच्याच्या गॅलरीत, खालच्याचं पार्किंगमधल्या स्कूटरच्या सीटवर. पहिल्या मजल्यावरच्या एका बाईंनी गॅलरीत पाटी लावली होती: 'वरच्या मजल्यावरून गंगा सोडल्याबद्दल आभार. आम्ही आंघोळ घरातच करतो.'

अशा काळात वानखडेकाकांसारखा माणूस सोसायटीत असणं ही मोठीच सोय होती. ते मूळचे अकोल्याचे. खडकीला संरक्षण खात्याच्या एका कारखान्यात तपासणी विभागात छत्तीस वर्षं काढली, तिथल्याच क्वार्टर्समध्ये राहिले, आणि निवृत्त झाल्यावर आमच्याकडे तळमजल्यावर दोन खोल्या घेतल्या. इतकी वर्षं पुण्यात काढूनही बोलण्यातलं वऱ्हाड गेलं नव्हतं. शांत असताना ते आमच्यासारखं बोलत. एसी उघडला की मराठी अकोल्याला पोचायची. त्यांच्या स्वतःच्या घरी एसी नव्हता. पुण्यातल्या मे महिन्याला ते उन्हाळा मानतच नसत. "ह्याले ऊन म्हणता तुम्ही?" असं ते भर दुपारी, बिनटोपीचे, गेटपाशी उभे राहून विचारत.

त्यांची तपासणीची एक पद्धत होती. आधी चार प्रश्न. पाणी कधीपासून? थेंब की धार? एसी लावल्या लावल्या की तासाभराने? चौथा प्रश्न ते जरा थांबून, आवाज खाली आणून विचारत: "फिल्टर कधी धुतला होता?" या प्रश्नावर भलेभले माना खाली घालत. तीन देशांत टीम सांभाळणाऱ्या एका प्रोजेक्ट मॅनेजरने "फिल्टर असतो का?" असं उलट विचारलं होतं. काकांनी काही न बोलता एसीचं तोंड उघडलं, आतली जाळी काढली आणि त्याच्यासमोर धरली. "याच्यात गहू पेरा," ते म्हणाले, "पीक येईन."

नंतर पाईप. एसीतून पाणी बाहेर नेणाऱ्या त्या बोटभर जाडीच्या पाईपवर काकांचा फार जीव. तो तुंबला असेल तर त्याच्या तोंडाशी सायकलचा पंप लावून ते दोन दणके देत. दुसऱ्या टोकातून काळंहिरवं बुळबुळीत काहीतरी भसकन बाहेर यायचं. ते काका वर्तमानपत्रावर घेत आणि नर्सने बाळ दाखवावं तसं घरमालकाला दाखवत. बघितल्याशिवाय सुटका नव्हती. घरमालकाने नाक धरून एसीला किंवा पाण्याला शिवी घातली, तर मात्र काका गंभीर होत.

"पाण्याचा दोष नाही जी," ते म्हणत. "पाणी खाली जाते. त्याले दुसरं काही येतच नाही. तुम्ही त्याची वाट बुजवता अन् वरून त्यालेच बोलता."

आणि जाताना एकच वाक्य: "माह्या हातचं पाणी परत येत नाही." ही बढाई नव्हती. खरोखरच येत नसे. काकांनी दुरुस्त केलेला एसी त्या मोसमात पुन्हा गळल्याचं कोणाला आठवत नव्हतं.

अपवाद फक्त आमच्या घरचा.

त्या अपवादाची हकिकत सांगायची तर आधी आमच्या अप्पांविषयी सांगायला हवं. अप्पा म्हणजे माझे वडील. जन्म कसबा पेठेतला, नोकरी बुधवार पेठेतल्या एका छापखान्यात मुद्रितशोधकाची. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढून पगार घेतल्यामुळे निवृत्तीनंतर ते हेच काम फुकट करत. लग्नपत्रिका आली की आधी लाल पेन घेत. आई गेल्यावर त्यांना एकटं ठेवणं बरं वाटेना, म्हणून आम्ही औंधला घेऊन आलो. तिथे त्यांना चुका काढायलाही काही सापडेना. मी आणि माझी बायको मीनल सकाळी आठच्या बसने हिंजवडीला, ते संध्याकाळपर्यंत. घरात दिवसभर अप्पा, आणि दुपारपर्यंत कामाला येणाऱ्या सुमनबाई. पेठेत माणूस दारात उभा राहिला की पाच जणांना टोमणे मारून आत यायचा. इथे दारात उभं राहिलं तर समोर लिफ्ट. अप्पांचं बोलणं महिन्यागणिक कमी होत गेलं. आम्ही विचारलं तर म्हणत, "ठीक आहे. काय होणार आहे मला?"

एप्रिलमध्ये एका दुपारी त्यांना चक्कर आली. डॉक्टरांनी सांगितलं, उन्हाळ्यात यांची खोली गार ठेवा. अप्पांनी आधी डॉक्टरांच्या चिठ्ठीतल्या दोन चुका दाखवल्या आणि मग विरोध केला. "पुण्यात एसी? उद्या घरात होडी आणाल." तरी आम्ही त्यांच्या खोलीत एसी लावलाच. लावणाऱ्याने पाईप भिंतीतून गॅलरीत काढून एका बादलीत सोडला. महिन्याभरात एसी अप्पांच्या टेबलावर ठिबकायला लागला.

रविवार होता. मी काकांना बोलावलं. ते आले, वर बघितलं, स्टुलावर चढले. अप्पा पलंगावर बसून बघत होते. ओळख म्हणून काका स्टुलावरूनच म्हणाले, "तपासणी खात्यात होतो मी. छत्तीस वर्षं. मी पास केलेला तोफेचा एक गोळा परत आला नाही."

"परत कसा येणार?" अप्पा म्हणाले. "तक्रार करायला समोर उरतो कोण?"

काकांचा हात एसीवर तसाच राहिला. मला वाटलं, आता हे उतरतात आणि जातात. काका हळूच हसायला लागले आणि मग इतके हसले की मला स्टूल धरावं लागलं. "छत्तीस वर्षांत हे मले कोणी म्हटलं नाही," ते डोळे पुसत म्हणाले. "आतला बर्फ पाह्यला का तुम्ही, अप्पाजी?"

"'पाह्यला' नाही. 'पाहिला'."

"'पाहिला' म्हटलं की मले तो दिसत नाही जी."

त्या दिवशी काम अर्ध्या तासाचं होतं. काका पावणेतीन तास बसले. जाताना ते आपलं नेहमीचं वाक्य म्हणाले, "माह्या हातचं पाणी परत येत नाही."

अकराव्या दिवशी पाणी परत आलं.

माझ्या ऑफिसात अप्पांचा फोन. "पाणी टपकतंय. तू येऊ नकोस. मी वानखड्यांना सांगितलंय." संध्याकाळी घरी येऊन बघतो तर एसी कोरडा, टेबलावर दोन रिकाम्या कपबश्या, आणि अप्पा चक्क स्वतःहून बोलत होते. "हा वानखडे अशुद्ध बोलतो," ते म्हणाले, "पण मुद्दा सोडत नाही." त्यानंतर नऊ दिवसांनी पुन्हा फोन. मग आठ. सुमनबाई मला सांगायच्या, "आज लई भांडले दोघं. ज्वारी-उडदाच्या पिठाला कळणा म्हणायचं का नाही, यावरून. नंतर दोघांनी मिळून पोहे मागितले."

मला मात्र आता राग यायला लागला होता. एसी नवीन, दुरुस्ती करणारा नावाजलेला, आणि आठवड्याला पाणी. एकदा मी काकांना लिफ्टपाशी गाठलं. "काका, नेमका दोष काय आहे?"

"बारीक आहे," ते म्हणाले. "पाहून राह्यलो." आणि लिफ्टची वाट न बघता जिन्याने खाली गेले.

जूनमध्ये काका पुतणीच्या लग्नाला अकोल्याला गेले ते वीस दिवस. त्या वीस दिवसांत आमचा एसी एक थेंब गळला नाही. मी प्रोग्रॅम लिहिणारा माणूस. कशामुळे काय बिघडतं, हे शोधणं माझ्या पोटापाण्याचं काम. काका आहेत तर पाणी आहे, काका नाहीत तर पाणी नाही. याचा अर्थ एकच होता. मी मीनलला म्हटलं, "हे काकाच काहीतरी अर्धवट ठेवून जातात. पुन्हा बोलावणं यावं म्हणून."

"कशासाठी?" मीनल म्हणाली. "चहासाठी?"

"सवय," मी म्हटलं. "निवृत्त माणूस. वेळ जात नाही."

काका परतले. चौथ्या दिवशी एसी गळला. माझी खात्री पटली.

त्याच आठवड्यात सोसायटीची सभा होती. सगळ्यांच्या एसींची देखभाल एखाद्या कंपनीला द्यावी का, असा विषय निघाला. बर्वे म्हणाले, "आपले वानखडे असताना कंपनी कशाला? त्यांनी केलेलं काम परत निघत नाही." मी उभा राहिलो. मला बोलायची काही गरज नव्हती, हे मला आज कळतं. मी म्हटलं, "आमच्याकडे सहा वेळा निघालंय. आणि काका गावाला गेले की निघत नाही. यावर सभासदांनी विचार करावा."

पुण्याच्या सभेत एवढं पुरतं. कोणीतरी मागे हसलं. काका तिसऱ्या रांगेत बसले होते, खिशात पाणसळ. सगळे त्यांच्याकडे वळून बघायला लागले. मी वाट बघत होतो, की ते उठतील, चार प्रश्न विचारतील, माझ्या फिल्टरवर येतील. काका उठले. म्हणाले, "राह्यलं असन माह्याकडून." आणि बसले.

ज्या माणसाने छत्तीस वर्षांत स्वतःची एक चूक मान्य केली नव्हती, तो भरल्या सभेत एवढंच बोलला. मला तेव्हा ते कबुलीजबाबासारखं वाटलं. देखभाल कंपनीला द्यायचं ठरलं. तळमजल्यावरची बेल वाजायची थांबली. संध्याकाळी गेटपाशी काका उभे असत, पण आता लोक हातातल्या पिशवीत काहीतरी शोधत पुढे जात.

आमच्याकडे कंपनीचा माणूस आला, पाईप साफ करून गेला. अप्पांनी संध्याकाळी विचारलं, "वानखडे आले नाहीत?"

"आता ते येणार नाहीत. कंपनीचा माणूस येईल."

"तो सात मिनिटांत गेला," अप्पा म्हणाले. "बसला पण नाही." त्या रात्री त्यांनी आमटीत मीठ कमी आहे हेसुद्धा सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी पाणी पुन्हा आलं. कंपनीचा माणूस पुन्हा येऊन गेला. मला फोनवर म्हणाला, "साहेब, मशीन एकदम ओके आहे. पाईपच्या तोंडात कापूस अडकला होता. गादीचा वगैरे उडत असेल." पाच दिवसांनी पुन्हा पाणी. आता मात्र माझं गणित कोसळलं. काकांनी सभेनंतर आमच्या घरात पाऊल ठेवलं नव्हतं. म्हणजे मी ज्याच्यावर भर सभेत आळ घेतला, त्याचा याच्याशी काही संबंध नव्हता.

रविवारी सकाळी मी तळमजल्यावर गेलो, माफी मागायला. दार काकूंनी उघडलं. वानखडेकाकू बोलायला मोकळ्या. "बसा," म्हणाल्या, "हे भाजी आणायले गेले, येतीलच." मी गॅलरीतल्या खुर्चीवर बसलो. समोर कठड्यावर उन्हात एक स्टीलची ताटली होती आणि ताटलीत फुलवाती वाळत घातल्या होत्या. निरांजनात लावतो त्या, खाली कापसाचं बोंड आणि वर शेंडी. वीस-पंचवीस तरी असतील. काही शुभ्र, काही पिवळट, काहींना हिरवट डाग.

"इतक्या फुलवाती?" मी सहज विचारलं.

"ह्यांचंच काम ते," काकू म्हणाल्या. "तुमच्याकडून येत ना, तव्हा खिशातून काढून देत. ओल्याचिंब. म्हणत, देवाच्या आहेत, फेकू नको, धुऊन वाळव. मले वाटलं, तुमच्याकडं देवघर गळते काय."

मी एक फुलवात उचलली. बोंड अवाच्या सवा मोठं, शेंडी वाकडी. आमच्या घरी फुलवाती आई वळायची. ती गेल्यापासून रोज सकाळी अप्पा वळतात, आणि त्यांना ते अजून जमलेलं नाही. अशी वाकड्या शेंडीची फुलवात साऱ्या पुण्यात दुसरं कोणी वळत नसेल. बोटभर जाडीच्या पाईपमध्ये चार फुलवाती एकावर एक कोंबल्या की मस्त बूच बसतं. पाईपचं तोंड अप्पांच्या गॅलरीत, बादलीपाशी. त्यासाठी स्टूलही लागत नाही.

मी ताटलीकडे बघत बसलो असताना काका भाजीची पिशवी घेऊन आले. माझ्या हातातली वात बघितली आणि समजले.

"कळलं तुम्हाले," ते म्हणाले.

"तुम्हाला कधी कळलं?"

"दुसऱ्याच बारीले. गॅलरीत पाईपाच्या तोंडात वाती पाह्यल्या. रागच आला. म्हटलं, आत जाऊन विचारतो, की हा काय पोरखेळ लावला. आत गेलो तर टेबलावर दोन कप मांडून ठेवले होते, अन् अप्पाजी वर्तमानपत्र उलटं धरून वाचत होते." काकांनी पिशवीतली मेथी बाहेर काढली आणि उगाच पुन्हा आत ठेवली. "मग नाही विचारलं."

"पण सभेत तरी सांगायचं. मी काय काय बोललो तुम्हाला."

"सभेत काय सांगू? तुमचे वडील पाईपात वाती कोंबतात म्हणून? त्या माणसाले मग सोसायटीत मान वर करता आली असती का?"

मी हातातली वात ताटलीत ठेवली. काकू आत निघून गेल्या.

"मी साध्या मनाने विचारतो," मी म्हटलं. "त्यांना गप्पाच मारायच्या होत्या तर सरळ 'या' म्हणायचं. तुम्ही त्यांना नाही म्हणाला असता का?"

"त्यांना नाही जमत ते. मलेही नाही जमत," काका म्हणाले. "हातात पाना असल्याशिवाय मी कोणाच्या दारात उभा राह्यलो का कधी? आठवा. अकोल्याहून आलो तेव्हा बाविशीत होतो. पुण्यात लोक वाईट नाहीत. अडलं की बोलावतात, काम झालं की आभार मानतात, दारापर्यंत सोडायले येतात. पण काम नसताना 'वानखडे, या' असं मले एवढ्या वर्षांत कोणी म्हटलं नाही. तुमच्या अप्पाजींनी त्यासाठी चांगला एसी बिघडवला. एवढा खटाटोप माह्यासाठी कोणी केला होता?"

ते हसत हसत सांगत होते. मी मात्र ताटलीतल्या वाती मोजल्यासारखं करत मान खाली घालून बसलो. उठताना मी माफी मागितली, तर त्यांनी हात झटकला. "फक्त त्यांना कळू देऊ नका, की आपल्याला कळलं," ते म्हणाले. नंतर अगदी खात्यातल्या आवाजात: "अन् फिल्टर धुवा."

घरी येऊन मी अप्पांना काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी बर्व्यांकडे गेलो आणि सांगितलं, की आमच्या एसीत कधीच दोष नव्हता. मीच पाईपचं तोंड बादलीतल्या पाण्यात बुडवून ठेवत होतो, त्यामुळे हवा अडकून पाणी मागे येत होतं. काकांनी मला चांगुलपणाने सांभाळून घेतलं. बर्व्यांना आयटीवाल्यांविषयी असं काही ऐकायला नेहमीच आवडतं. त्यांनी लगेच लिफ्टमध्ये नोटीस लावली: 'सुशिक्षीत सभासदांनी एसीचा पाईप बादलीत बुडवु नये. शंका असल्यास श्री. वानखडे यांस भेटावे.' संध्याकाळपर्यंत 'सुशिक्षीत' आणि 'बुडवु' या दोन्ही शब्दांवर लाल पेन फिरलेलं होतं. आठवडाभर मला जिन्यात कोणीही भेटलं तरी "बादली कशी आहे?" विचारत होतं. तळमजल्यावरची बेल मात्र पुन्हा वाजायला लागली, आणि आमच्या घरी दर आठ दिवसांनी पाणी पूर्ववत टपकायला लागलं. मी ऑफिसात फोन घेऊन "अरेरे, पुन्हा का?" असं शक्य तितक्या काळजीने म्हणत असे.

पावसाळा गेला, ऑक्टोबरचा उकाडाही संपला. नोव्हेंबरात थंडी पडली आणि एसी बंद झाला. माझ्या हे लक्षातच आलं नाही, की बंद एसी गळत नाही. पंधरा दिवस गेले, वीस गेले. अप्पा पुन्हा "ठीक आहे" वर आले. काका दोनदा जिन्यात दिसले. दोन्ही वेळा त्यांनी विचारलं, "वर सगळं बरोबर?" आणि मी मूर्खासारखा "एकदम बरोबर" म्हणालो.

डिसेंबरातल्या एका शनिवारी दुपारी मी बाजारातून आलो तर अप्पांच्या खोलीचं दार बंद. उघडलं आणि अंगावर काटा आला. खोलीत एसी चालू होता, सगळ्यात गार करून. अप्पा पलंगावर स्वेटर, शाल आणि कानटोपी घालून ताठ बसले होते. नाक लाल झालं होतं. एसीखाली फरशीवर पाण्याचं मोठं थारोळं.

"पाणी टपकतंय," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "वानखड्यांना सांगितलंय."

बेल वाजली. काका मफलर गुंडाळून आत आले. त्यांनी स्टुलावर चढून एसीच्या बुडाखालून हात फिरवला. हात कोरडा निघाला. ते उतरले, गुडघ्यावर हात ठेवून सावकाश वाकले आणि थारोळ्याकडे बघत राहिले. मीही बघितलं. पाण्यात तुळशीचं एक पान तरंगत होतं. पलीकडे देवघरातला तांब्या रिकामा आडवा पडला होता.

अप्पा खिडकीबाहेर बघत होते. कानटोपीतून दिसणारा त्यांचा चेहरा एवढासा झाला होता.

काकांनी दोन बोटांनी ते पान उचललं, निथळलं आणि शर्टाच्या खिशात ठेवलं.

"आतमध्ये दोष आहे, अप्पाजी," ते म्हणाले. "खोलून पाहा लागते. दोन-तीन तास लागतील."

"लागू देत," अप्पा म्हणाले. "आणि 'पाहा लागते' नाही. 'पाहावं लागतं'."

काका खुर्ची ओढून त्यांच्या समोर बसले. खोली तशीच गार होती, पण एसी बंद करायला माझा हात गेला नाही. मी आतल्या कपाटातून आईची जाड शाल काढली, काकांच्या खांद्यांवर घातली आणि बाहेर येऊन दार ओढून घेतलं.